पाऊस समुद्रात ठरतो, तर मोजणीही समुद्रातच हवी

१९७२ चा दुष्काळ आमच्या घरात आजीच्या बोलण्यातून उरला आहे. सुकडी, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर फोडलेली खडी आणि रात्री हाताच्या फोडांना लावलेलं तेल. त्या वर्षी देशभरात सरासरीच्या ७६ टक्केच पाऊस झाला. महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला आणि माती उपसायला गेली. रोजगार हमीचा जन्म त्या कामांतूनच झाला. पाऊस का आला नाही, असं विचारलं की आजी म्हणायची, "रुसला होता."

त्याच वर्षी पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, दक्षिण अमेरिकेतल्या पेरूच्या किनाऱ्यावरून मासे नाहीसे झाले. अँकोव्हेटा हा बोटभर मासा म्हणजे त्या देशाचं मोठं उत्पन्न. १९७० मध्ये तिथल्या बोटींनी सुमारे १ कोटी २० लाख टन मासळी काढली होती; १९७३ मध्ये ती २० लाख टनांच्या आसपास आली. आधीची काही वर्षं बेसुमार मासेमारी झाली होती हे खरं, पण शेवटचा घाव पाण्याने घातला. एरवी त्या किनाऱ्याला खोलातून थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर मासा पोसतो. त्या हंगामात वर आलं ते कोमट आणि निःसत्त्व पाणी.

खडी फोडणाऱ्या माझ्या आजीला आणि रिकामं जाळं ओढणाऱ्या पेरूच्या मच्छीमाराला एकमेकांचा पत्ता असायचं कारण नव्हतं. दोघांच्या ताटातलं मात्र एकाच घडामोडीने गेलं होतं, आणि ती घडामोड प्रशांत महासागराच्या विषुववृत्ताजवळच्या पाण्यात आणि त्यावरच्या वाऱ्यात झाली होती.

तिचं नाव एल निनो. हा शब्द आता गावच्या पारावरही ऐकू येतो, त्यामुळे त्याची ओळख करून देण्यात मला रस नाही. मला बोलायचंय ते आपल्या खर्चाच्या आणि लक्षाच्या दिशेबद्दल. पाण्याचा विषय निघाला की आपण धरण, कालवा, शेततळं, ठिबक यांवर बोलतो. ही सगळी पाऊस पडून गेल्यानंतरची कामं. पाऊस किती येणार, कधी ओढ देणार आणि कधी कोसळणार हे ज्या समुद्रावर ठरतं, तिथे मोजमापाची उपकरणं ठेवणं, ती चालू राखणं आणि त्यासाठी जहाजं सांभाळणं हे पाटबंधाऱ्याइतकंच सार्वजनिक काम आहे. त्याला पाटबंधाऱ्यासारखीच कायमची तरतूद हवी. आज ती नाही. एखादी मोहीम जाहीर होते, पाच वर्षं चालते, मग पुढच्या मोहिमेची वाट बघायची.

यात एवढं काय आहे, असं वाटणाऱ्यांसाठी थोडं मागून सांगतो. समुद्र आणि हवा यांचं नातं आपण शाळेत खारे वारे आणि मतलई वारे या धड्यात शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून येतो, रात्री उलट. तो धडा एका किनाऱ्यापुरता आणि एका दिवसापुरता होता. तेच नातं अर्ध्या पृथ्वीवर पसरलं आणि महिन्या-वर्षांच्या मापाने चाललं की त्यातून हवामान घडतं. समुद्राचा वरचा सुमारे तीन मीटरचा थर जितकी उष्णता धरू शकतो, तितकीच त्याच्या डोक्यावरची सगळी हवा मिळून धरू शकते. एका जुवाला एक अवजड, धिमा बैल आणि एक चपळ, बिचकणारा बैल जुंपावा तशी ही जोडी आहे. वारा दोन दिवसांत दिशा बदलतो. समुद्राला वळायला महिने लागतात, पण एकदा वळला की वाऱ्याला आपल्या बाजूला ओढून नेतो. आज हवा कशी होती याचा माग आठ-पंधरा दिवसांत पुसला जातो. पाण्यात साठलेली उष्णता पुढच्या हंगामापर्यंत टिकते. जूनचा अंदाज एप्रिलमध्ये बांधता येतो तो एवढ्याच जोरावर.

प्रशांत महासागरात हे सगळ्यात ठसठशीत दिसतं. विषुववृत्तालगत व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेलं वरचं पाणी इंडोनेशियाच्या दिशेने लोटत राहतात. इतकं, की इंडोनेशियाजवळ समुद्राची पातळी इक्वेडोरच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते आणि पाणी सुमारे ८ अंशांनी गरम. त्या गरम पाण्यावर हवा चढते, ढग होतात, पाऊस पडतो. चढलेली हवा वरून पूर्वेला जाते, पेरूच्या थंड पाण्यावर उतरते आणि पुन्हा पश्चिमेला वाहू लागते. म्हणजे वाऱ्यामुळे पाण्यात फरक पडतो आणि पाण्यातल्या फरकामुळे वारा टिकतो. कुठून तरी वारा ढिला झाला की लोटून ठेवलेलं पाणी पूर्वेकडे परत सरकतं, फरक कमी होतो, वारा आणखी ढिला होतो. जी साखळी घडी टिकवत होती, तीच मग घडी विस्कटते. पावसाची जागा हजारो किलोमीटर पूर्वेला सरकते, आणि आपल्याकडे आकाश कोरडं पडायची शक्यता वाढते. हाच एल निनो.

हे समजायला माणसाला किती वेळ लागला, आणि का लागला, त्यात माझ्या म्हणण्याचा गाभा आहे.

१८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दख्खनचा भीषण दुष्काळ आला. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली. त्यांच्यानंतरच्या जॉन एलियट यांनी १८९९ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. लाखो माणसं आणि त्याहून जास्त गुरं मेली. त्यानंतर १९०४ मध्ये विभागाची सूत्रं गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. वॉकर हवामानतज्ज्ञ नव्हते, केंब्रिजचे गणिती होते. भारतीय कारकुनांच्या पथकाला हाताशी धरून त्यांनी जगभरच्या केंद्रांवरचे हवेचा दाब, पाऊस आणि तापमान यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. हे सगळं हाताने, वीस वर्षं. त्यातून त्यांना दिसलं की प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो आणि उलटही. तराजूच्या दोन पारड्यांसारखं. या हेलकाव्याला त्यांनी सदर्न ऑसिलेशन हे नाव दिलं. मान्सूनचं कोडं सोडवायला बसलेल्या माणसाच्या हाती सगळ्या जगाच्या हवामानाची किल्ली लागली होती.

पण कुलूप कुठे आहे हे त्यांना कळलं नाही. हेलकावा होतो कशामुळे, याचं उत्तर त्यांच्या आकड्यांत नव्हतंच, कारण ते आकडे जमिनीवरचे होते. समुद्रात काय चाललंय याची मोजणी नव्हती. ती पहिल्यांदा नीट झाली १९५७-५८ मध्ये, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष या अनेक देशांच्या संयुक्त मोजणी-मोहिमेच्या निमित्ताने, आणि योगायोगाने तेव्हाच मोठा एल निनो आला. त्या नोंदी समोर ठेवून हवामानशास्त्रज्ञ जेकब ब्येर्क्नेस यांनी १९६९ मध्ये सांगितलं की पेरूचं कोमट पाणी आणि वॉकर यांचा हेलकावा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. वाऱ्याच्या त्या चक्राला त्यांनी वॉकर यांचंच नाव दिलं. वॉकर निवृत्त झाले १९२४ मध्ये. मधल्या ४५ वर्षांत बुद्धिमान माणसांचा तुटवडा नव्हता. नव्हत्या त्या समुद्रावरच्या नोंदी.

पुण्यात शिवाजीनगरला हवामान विभागाची जी इमारत आहे, तिला जुने पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात, कारण विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आलं. वॉकर त्या इमारतीत कधी बसले नाहीत. तरी तिच्यासमोरून जाताना मला ते आकडे ताडणारे कारकून आठवतात. त्यांची नावंसुद्धा आपण जपली नाहीत.

धडा एकदा मिळाला म्हणजे तो लक्षात राहतोच असं नाही. १९८२ मध्ये त्या शतकातला एक सर्वांत तीव्र एल निनो आला आणि तो बराच पुढे जाईपर्यंत तज्ज्ञांना ओळखता आला नाही. मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीची राख आकाशात पसरली होती, तिने उपग्रहांची तापमानं चुकवली, आणि पाण्यात प्रत्यक्ष मोजणारं फारसं काही नव्हतं. त्या धक्क्यातून पुढच्या दहा-बारा वर्षांत विषुववृत्तीय प्रशांत महासागरात सुमारे ७० बोये, म्हणजे मोजणीची तरंगती केंद्रं, नांगरून ठेवले गेले. वरती वारा आणि हवा मोजायची, खाली दोरखंडाला लावलेल्या उपकरणांनी पाचशे मीटरपर्यंतचं पाणी मोजायचं, आणि सगळं उपग्रहामार्फत रोजच्या रोज जगाला मोफत द्यायचं. १९९७ चा महाएलनिनो आला तेव्हा तो पावलापावलाने येताना दिसला.

आणि मग? बोये खारं पाणी, वादळं, शेवाळ यांत बारा महिने राहतात. वर्षातून एकदा जहाजाने जाऊन बदलावे, दुरुस्त करावे लागतात. २०१२ मध्ये अमेरिकेने हे काम करणारं जहाज पैशाअभावी सेवेतून काढलं. २०१४ पर्यंत त्या जाळ्यातून मिळणारी माहिती सुमारे ४० टक्क्यांवर आली. नेमकं तेव्हा जगभर एका प्रचंड एल निनोची चर्चा होती. तो २०१४ मध्ये अर्धवट राहिला आणि २०१५ मध्ये पुरा आला. आपल्याकडे त्या दोन वर्षांत पाऊस अनुक्रमे ८८ आणि ८६ टक्के झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. बोये धड असते तर पाऊस पडला असता, असं मी म्हणत नाही. पण ज्या काळात सर्वांत स्पष्ट दिसायला हवं होतं, त्याच काळात डोळ्यावर पट्टी होती. ती पट्टी निसर्गाने नाही, एका देशाच्या अंदाजपत्रकाने बांधली होती. २०२५ मध्ये त्याच देशाच्या समुद्र आणि हवामान संस्थेतून शेकडो माणसांना कमी करण्यात आलं. मराठवाड्याच्या पेरणीचा काही हिस्सा दुसऱ्या कुणाच्या तिजोरीवर अवलंबून आहे, हे आपल्या विधिमंडळात, संसदेत कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही.

बरं, सगळं प्रशांत महासागरावरच ठरत असतं तरी एक वेळ चाललं असतं. तसं नाही. १९९७ मध्ये एल निनो शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक होता आणि तरी आपल्याकडे १०२ टक्के पाऊस झाला. २००२ मध्ये एल निनो मध्यम होता आणि पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला. जुलैचा पाऊस सरासरीच्या जेमतेम निम्मा. त्या वर्षी विभागाचा अंदाज होता १०१ टक्के. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ पासून वापरात असलेलं सोळा घटकांचं मॉडेल त्यानंतर बदलावं लागलं. गोवारीकरांचं काम कमी प्रतीचं नव्हतं. जुन्या नात्यांच्या आकडेवारीवर उभं राहिलेलं कुठलंही मॉडेल, नातं बदललं की उघडं पडतं, आणि नातं बदलतंय हे दाखवणाऱ्या जागा समुद्रात आहेत.

त्यातली एक जागा आपल्या दाराशीच आहे. १९९९ मध्ये साजी, बी. एन. गोस्वामी, विनयचंद्रन आणि जपानचे यामागाता यांनी हिंदी महासागरातला स्वतंत्र हेलकावा मांडला. पूर्व आफ्रिकेकडचं पाणी गरम आणि सुमात्राकडचं थंड, किंवा उलट. इंडियन ओशन डायपोल म्हणतात तो हा. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य घालवलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी याच समुद्रावरच्या ढगांचा आणि वाऱ्यांचा हेलकावा तपासला आणि दाखवलं की प्रशांत आणि हिंदी, दोन्हीकडचा कौल एकत्र वाचला तर १९९७ आणि २००२ ही दोन्ही वर्षं उलगडतात. १९९७ मध्ये हिंदी महासागर आपल्या बाजूने उभा होता, २००२ मध्ये विरुद्ध.

गाडगीळ यांचं आणखी एक काम मला फार मोलाचं वाटतं. १९८४ मध्ये त्यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह दाखवलं की समुद्राचं पाणी साधारण २८ अंशांच्या वर गेल्याशिवाय त्यावर ढगांचे मोठे थवे क्वचितच उभे राहतात; पण त्यावर गेलं म्हणजे ढग येतीलच अशी खात्री नाही, आणि जितकं जास्त तापेल तितका जास्त पाऊस असंही नाही. म्हणजे अर्ध्या अंशाने काहीच बिघडत नाही, किंवा सगळंच बदलतं; पाणी २८ च्या अलीकडे आहे की पलीकडे, त्यावर ते. इतक्या बारीक फरकावर जिथे पाऊस तोलला जातो, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

आपल्या दोन समुद्रांचंच बघा. मे-जूनमध्ये दक्षिण गोलार्धातून येणारा वारा विषुववृत्त ओलांडतो आणि सोमालियाजवळून, दीडेक किलोमीटर उंचीवरून, झोताने अरबी समुद्रावर येतो. तो पाण्याची वाफ उचलतो आणि सह्याद्रीवर आणून आदळवतो. पण तोच वारा पाणी घुसळतो, सोमालियाच्या किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर काढतो, आणि ऐन पावसाळ्यात अरबी समुद्र निवत जातो. बंगालचा उपसागर मात्र निवत नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे वर तरंगत राहतं. वाऱ्याला ते खालच्या पाण्यात सहजी मिसळता येत नाही, आणि उन्हाची उष्णता त्या पातळ थरातच अडकते. म्हणून तिथे एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, वायव्येकडे सरकतात, आणि विदर्भ-मराठवाड्याला जुलै-ऑगस्टचा पाऊस देतात. यवतमाळच्या कापसाला मिळणाऱ्या पाण्यात उपसागरातल्या त्या गोड्या थराच्या जाडीचा वाटा आहे. उपग्रहाला दिसते ती समुद्राची कातडी. थर किती जाड आहे हे पाण्यात उतरूनच कळतं.

ज्यांना वाटतं की उपग्रह असताना बोये कशाला, त्यांना माझं उत्तर हेच आहे.

आता या समुद्राचा स्वभावही पालटतोय. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्र पोटात घेतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागराचं जून ते सप्टेंबरमधलं तापमान १९०१ ते २०१२ या काळात १.२ अंशांनी चढलं. २०१७ मध्ये त्यांनीच मांडलं की मध्य भारतात, ज्यात महाराष्ट्राचा मोठा भाग येतो, दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या, आणि त्यांना वाफ पुरवणारे वारे अरबी समुद्रावरचे आहेत. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जादा वाफ धरते. एकूण पाऊस तेवढाच किंवा कमी, पण तो चार दिवसांत ओतायचा आणि मग तीन आठवडे उघडीप द्यायची, हा अनुभव आता शेतकऱ्याला सांगावा लागत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. तिथल्या सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीचं झाड उत्पन्नाला यायला वर्षं लागतात. त्या बागायतदारांचं एक पिढीचं गणित मोडलं. त्याआधीच्या वर्षी, २०१९ मध्ये, डायपोल काही दशकांतला सर्वांत तीव्र होता. ऑस्ट्रेलियात जंगलं जळत होती, पूर्व आफ्रिका पुराखाली होती, आणि आपल्याकडून मान्सून परतायला निघाला तो ९ ऑक्टोबरला, नोंदींतल्या सर्वांत उशिरा. मग क्यार आणि महा ही दोन वादळं अरबी समुद्रात आली, कापणीला आलेल्या सोयाबीनला शेतातच कोंब फुटले आणि नाशिकची द्राक्षं गेली. आफ्रिकेतल्या त्या ओल्या वाळवंटात टोळ वाढले, आणि मे २०२० मध्ये अमरावती-नागपूरच्या शेतांवरही टोळधाड उतरली. २०१९ च्या या घडामोडींत समुद्राच्या त्या एका हेलकाव्याचा हात होता.

मग अशा समुद्रावर आपली मोजणी किती? हिंदी महासागरासाठी रामा नावाचं बोयांचं जाळं २००४ पासून उभं राहू लागलं. मूळ योजना ४६ जागांची. भारत, अमेरिका, जपान, इंडोनेशिया असे अनेक देश त्यात आहेत आणि भारताची जहाजं त्याच्या कामाला जातात. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे आपले स्वतःचे बोये आहेत, हैदराबादची इन्कॉइस संस्था माहिती गोळा करते, आणि आर्गो नावाचे सुमारे ४,००० स्वयंचलित तरंगे जगभरच्या समुद्रांत दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोल जाऊन वर येतात. हे सगळं मोलाचं आहे आणि ते चालवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण रामाचं जाळं पश्चिमेला वर्षानुवर्षं अपुरं राहिलं, कारण तिथे सोमाली चाच्यांच्या भीतीने जहाजं जाऊ शकत नव्हती. आपल्या पावसाचा वारा जिथून वळतो ती नेमकी तीच जागा. भारतीय नौदल त्या समुद्रात गस्त घालतं. व्यापारी जहाजांना मिळणारं संरक्षण मोजणीच्या जहाजालाही मिळावं, हा निर्णय विज्ञान मंत्रालयाचा एकट्याचा नाही. तो वरच्या पातळीवर व्हायला हवा.

पैशाचा आक्षेप मी मनापासून घेतो, कारण दुष्काळी तालुक्यात राहणाऱ्या माणसाने तो घेतलाच पाहिजे. टँकरला पैसे नाहीत तिथे समुद्रात उपकरणं कसली? पण हिशेब मांडून बघू. सुलोचना आणि सिद्धार्थ गाडगीळ यांनी २००६ मध्ये दाखवलं की तीव्र दुष्काळाने देशाच्या एकूण उत्पन्नाला २ ते ५ टक्क्यांचा फटका बसतो, आणि शेतीचा वाटा इतका घटूनही तो फटका हलका झालेला नाही. आज आपली अर्थव्यवस्था ३०० लाख कोटी रुपयांहून मोठी आहे. त्याचे दोन टक्के म्हणजे ६ लाख कोटी. २०२४ मध्ये मंजूर झालेलं, हवामान अंदाजासाठीचं मिशन मौसम २,००० कोटींचं आहे, २०२१ चं खोल समुद्राचं मिशन पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटींचं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फार कमी लक्ष गेलं: वाईट पावसाने जितकं नुकसान होतं, तितका फायदा चांगल्या पावसाने होत नाही. कारण पाऊस येईल की नाही याचा भरवसा नसल्याने कोरडवाहू शेतकरी खत, औषध, चांगलं बियाणं यांवर पैसे घालायला धजावत नाही. मग पाऊस चांगला झाला तरी पीक हात राखूनच येतं. भरवशाचा अंदाज दुष्काळापुरता नाही, सुकाळासाठीही हवा आहे.

दुसरीकडे, कृत्रिम पावसावर आपण २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये विमानं उडवली. पाऊस नसलेल्या ऑगस्टमध्ये आकाशात विमान दिसलं की सरकार काहीतरी करतंय असं वाटतं. पण बीज टाकायला आधी ढग लागतो, आणि ढग यायला समुद्रावरून वाफ. बोया कुणाला दिसत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, त्यावर फलक लावता येत नाही. म्हणूनच त्याच्या बाजूने नागरिकांनी बोलायला हवं.

समुद्रातून आलेली माहिती शेतापर्यंत पोचते कशी, हा प्रश्न याला चिकटूनच येतो. एप्रिलमध्ये बातमी येते: यंदा सरासरीच्या अमुक टक्के पाऊस. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर; त्यात मेघालयही आलं आणि म्हसवडही. २०२३ मध्ये देशाचा पाऊस ९४ टक्के झाला, म्हणजे सरासरीच्या थोडाच खाली. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि ऑक्टोबर संपता संपता महाराष्ट्रात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. ९४ या आकड्यात तो ऑगस्ट कुठेच दिसत नाही. हवामान विभाग आता महिन्यागणिक आणि विभागवार शक्यता देतो, ही मोठी सुधारणा आहे. ती वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी तशीच छापावी, दाखवावी. "दहापैकी सहा शक्यता कमी पावसाची" हे शेतकऱ्याला कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी कधी बाजार समितीत बसून बघावं. कांदा आज विकायचा की चाळीत ठेवायचा, हे शेतकरी शक्यतांवरच ठरवतो. त्याच्यापासून लपवायचं कारण नाही. चुकलेला अंदाजही तितक्याच ठळकपणे सांगितला तर विश्वास वाढेल.

राहिला बोयांना होणारा एक त्रास, आणि तो मला सर्वांत सुटण्यासारखा वाटतो. समुद्रात तरंगणाऱ्या कुठल्याही वस्तूखाली मासे गोळा होतात. त्यामुळे बोटी बोयाला येऊन लागतात, दोर त्याला बांधतात, जाळी अडकतात, कधी उपकरणंच काढून नेली जातात. हिंदी महासागरातल्या जाळ्याचं मोठं नुकसान असं झालं आहे. मच्छीमाराला दोष देऊन हे थांबणार नाही. डिझेलचा भाव आणि घटती मासळी डोक्यावर असताना मासे जिथे आहेत तिथे तो जाणारच. पण इन्कॉइस याच मच्छीमारांना मासळी कुठे सापडेल याची सूचना देते, वादळाचा इशारा देते. समुद्राची मोजणी त्याच्याच उपयोगाची आहे, हे त्याला बंदरावर, त्याच्या भाषेत, त्याच्या तांडेलासमोर कुणी सांगितलं पाहिजे. नुसतं सांगूनही भागणार नाही. न्यूझीलंडमध्ये मासेमारी बोटींच्या जाळ्यांना छोटे सेन्सर लावतात. जाळं खाली जाताना आणि वर येताना ते पाण्याचं तापमान आणि खोली नोंदवतात, आणि बोट समुद्रावर असतानाच माहिती किनाऱ्याकडे जाते. आपल्याकडे ३१ जुलैला बंदी संपते, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे बोटी पुन्हा समुद्रात जातात, ऐन मान्सूनमध्ये, जेव्हा ही मोजमापं सर्वांत जास्त हवी असतात. हर्णै, मिरकरवाडा, मालवण इथल्या काही बोटींवर असे सेन्सर बसवावेत, त्याचं मानधन तांडेलाला आणि खलाशांना मिळावं, आणि त्यांच्या जाळ्याने मोजलेला आकडा दुसऱ्या दिवशी पुण्यात पाषाणला असलेल्या हवामानशास्त्र संस्थेतल्या मॉडेलमध्ये जावा. यासाठी नवं जहाज लागत नाही. जाळं रोज पाण्यात उतरतंच आहे.